अणुइंधन आणि किरणोत्सारी कचरा यांच्या धोरणाचे काम उद्योगसंघटनेत स्वीकारावे का?

प्रश्न : गाभा_अभियंता

नमस्कार. अमेरिकेतील एका अणुवीज केंद्राच्या इंधन विभागात मी १४ वर्षे काम करत आहे. अणुभट्टीच्या गाभ्यात कोणते इंधन-जुडगे (इंधन भरलेल्या नळ्यांचा संच) कोठे बसवायचे, दर १८ महिन्यांनी होणाऱ्या इंधनबदलात कोणती जुडगी बाहेर काढायची आणि ती पाण्याच्या तलावात किती वर्षे थंड झाल्यावर कोरड्या कॅस्कमध्ये (साठवणुकीच्या जाड, बंद पिंपांत) हलवता येतील, हे ठरवणे हा माझ्या कामाचा मुख्य भाग आहे. आता अणुऊर्जा क्षेत्रातील एका उद्योगसंघटनेने इंधन आणि किरणोत्सारी कचरा या दोन्ही विषयांच्या धोरणाची प्रमुख म्हणून येता का, असे मला विचारले आहे. प्रथम आनंद झाला. विचार करू लागले तसतशा शंका वाढत गेल्या. तंत्र मला कळते, पण धोरण हा वेगळा प्रांत आहे आणि संघटनेच्या वतीने बोलणे हा त्याहूनही वेगळा. येथे या कामाचा जवळून अनुभव असलेले काही जण आहेत, म्हणून सविस्तर विचारते.

पहिली शंका सभासदांविषयी आहे. संघटनेत वीजकंपन्या आहेत, युरेनियमच्या खाणी चालवणाऱ्या कंपन्या आहेत, समृद्धीकरण (युरेनियममधील इंधन म्हणून उपयोगी भागाचे प्रमाण वाढवणे) करणाऱ्या आहेत, इंधन-जुडगी आणि कॅस्क बनवणाऱ्या आहेत, आणि बंद झालेली केंद्रे मोडून जागा मोकळी करून देणाऱ्याही आहेत. इंधन महागले तर यांतल्या काहींचे भले होते आणि काहींचे नुकसान. मग ‘उद्योगाची भूमिका’ म्हणून मी जे मांडेन, ते नेमके कोणाचे म्हणणे असेल?

दुसरी शंका कचऱ्याची आहे. वापरलेल्या इंधनाची कायमची विल्हेवाट लावणे ही कायद्याने केंद्र सरकारची जबाबदारी आहे. आमच्या आवारात काँक्रीटच्या चबुतऱ्यावर उभे असलेले कॅस्क मी रोज पाहते. मी रुजू झाले तेव्हा ते तात्पुरते आहेत असे मला सांगितले होते. जे काम सरकारने करायचे आणि इतक्या वर्षांत केलेले नाही, त्यात संघटनेतल्या एका धोरणप्रमुखाला करण्यासारखे काय उरते?

तिसरी शंका माझी मलाच आहे. केंद्रात असताना एखादी गोष्ट चुकीची वाटली की मी आकडेमोड पुढे ठेवून तसे सांगू शकते. संघटनेच्या पगारावर असताना सभासदांना न रुचणारे सत्य सांगता येते का, की हळूहळू आपण केवळ त्यांचा आवाज होऊन जातो?

शिवाय एक साधा प्रश्न. खाणीपासून गाभ्यापर्यंतचे इंधन आणि गाभ्यातून बाहेर आल्यानंतरचा कचरा हे दोन विषय एकाच व्यक्तीकडे का देतात? आमच्या केंद्रात तर हे दोन विभाग एकमेकांशी फारसे बोलतही नाहीत.

उत्तर १ : जुना_धोरणकर्मी

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या शंकांची निम्मी उत्तरे त्यातूनच निघतात. मी अशाच एका पदावर काही वर्षे काम केले आहे आणि त्यापूर्वी वीजकंपनीत इंधनखरेदी पाहत होतो.

इंधन विकत घेताना जो निर्णय होतो, त्यातच पुढच्या अनेक दशकांचा कचरा ठरून जातो. आजच्या अणुभट्ट्यांत साधारण ३ ते ५ टक्के समृद्ध युरेनियम वापरतात. समृद्धी वाढवली आणि इंधन गाभ्यात अधिक काळ ठेवले, तर तेवढ्याच विजेसाठी कमी जुडगी लागतात, आणि इंधन विभागाच्या ताळेबंदात तो फायदाच दिसतो. मात्र प्रति टन ४५ गिगावॉट-दिवसांच्या (इंधनातून किती ऊर्जा काढली, याचे हे माप) पुढे जळलेले इंधन बाहेर येते तेव्हा अधिक उष्ण असते, त्याला तलावात जास्त वर्षे ठेवावे लागते आणि त्याच्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या नळ्यांची दीर्घकाळची स्थिती नियामकाला वेगळी पटवून द्यावी लागते. आता काही कंपन्या ५ टक्क्यांच्या वरच्या समृद्धीकडे वळत आहेत आणि अनेक नव्या अणुभट्ट्यांच्या आराखड्यांना ५ ते २० टक्के समृद्ध इंधन लागणार आहे. त्यांतील काहींचे इंधन गोळ्यांच्या रूपात आहे, काहींत शीतक म्हणून सोडियम आहे. ते वापरून झाल्यावर कोणत्या डब्यात जाणार, तो डबा कोणी मंजूर केला आहे आणि तो जमिनीखाली चालेल का, हे प्रश्न नव्या अणुभट्टीचा आराखडा घेऊन आलेल्या सभासदाला पहिल्याच बैठकीत विचारणारी व्यक्ती संघटनेत असलीच पाहिजे. दोन्ही विषय एकाच टेबलावर असतील तरच हे प्रश्न वेळेवर विचारले जातात. आपल्याला ही दोन्ही टोके हाताळण्याचा अनुभव आहे, म्हणूनच बहुधा आपल्याला बोलावले आहे.

आता कचऱ्याविषयी. १९८२ च्या अणुकचरा धोरण कायद्याने एक सौदा ठरवला: वीजकंपन्यांनी अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे एक दशांश सेंट शुल्क भरायचे आणि सरकारने ३१ जानेवारी १९९८ पासून वापरलेले इंधन ताब्यात घ्यायला सुरुवात करायची. त्यासाठी प्रत्येक कंपनीने ऊर्जा विभागाशी एक प्रमाणित करार केला. शुल्क वेळेवर भरले गेले. ते ग्राहकांच्या बिलातूनच येत होते. सरकारने मात्र त्या तारखेला एकही जुडगे उचलले नाही. १९८७ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायदा बदलून, खोल साठवणस्थानासाठी चाललेला वॉशिंग्टनमधील हॅनफर्ड आणि टेक्ससमधील डेफ स्मिथ काउंटी या जागांचा अभ्यास थांबवला आणि नेवाडातील युका माउंटन ही एकच जागा ठेवली. २००२ मध्ये नेवाडाच्या राज्यपालांनी घेतलेला नकाराधिकार काँग्रेसने मोडून काढला, २००८ मध्ये परवान्याचा अर्ज दाखल झाला, २०१० मध्ये सरकारनेच तो मागे घेण्याचा प्रयत्न केला आणि त्यानंतर त्या प्रकल्पाला पैसा मिळणे थांबले. काम होत नसताना शुल्क घेता येणार नाही, असे न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले आणि मे २०१४ पासून शुल्क शून्यावर आले.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट फारशी बोलली जात नाही. करारभंगाबद्दल वीजकंपन्या सरकारवर दावे करतात, जिंकतात आणि कोरड्या साठवणुकीचा खर्च परत मिळवतात. ही रक्कम आतापर्यंत १० अब्ज डॉलरांच्या वर गेली आहे. ती ज्या निधीतून दिली जाते त्याला दरवर्षी काँग्रेसची वेगळी मंजुरी लागत नाही. उलट, ग्राहकांनी भरलेल्या शुल्काचा जो निधी ४० अब्जांहून मोठा झाला आहे, त्यातला एक डॉलर खर्च करायलाही वार्षिक अर्थसंकल्पात जागा मिळवावी लागते. म्हणजे काम न करण्याचा खर्च आपोआप भागतो आणि काम करण्याच्या खर्चासाठी दरवर्षी झगडावे लागते. भरपाई मिळत असल्यामुळे सभासद कंपन्यांच्या संचालक मंडळांनाही हा प्रश्न तातडीचा वाटत नाही. ही तातडी त्यांना वाटायला लावणे हे आपल्या कामातील सर्वांत कठीण अंग असेल, आणि ते बाहेरच्यांपेक्षा आपल्याच माणसांशी बोलून करायचे असते.

बाकी करण्यासारखे पुष्कळ आहे. देशात सुमारे ९०,००० टन वापरलेले इंधन सत्तरहून अधिक ठिकाणी पडून आहे आणि त्यात दरवर्षी सुमारे २,००० टनांची भर पडते. जे कॅस्क काही दशकांसाठी म्हणून उभे केले, त्यांचे परवाने वाढवून घ्यावे लागत आहेत. समुद्राजवळच्या केंद्रांत खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे डब्यांच्या पोलादी जोडांवर ताणामुळे भेगा पडू शकतात का, हे तपासावे लागते. अशा बाबतीत अनेकदा मार्गदर्शिकेचा मसुदा उद्योगसंघटना करते, अणुनियामक आयोग तो तपासतो, त्यात बदल करायला लावतो आणि मग मान्य करतो. एका केंद्राला तपासणीत काय आढळले ते सर्वांना कळावे, याच्या व्यवस्थेतही संघटनेचा वाटा असतो. हे काम वर्तमानपत्रात येत नाही, पण माझ्या मते या पदाचे खरे मोल त्यातच आहे.

कमी पातळीच्या कचऱ्याकडेही दुर्लक्ष करू नका. हातमोजे, गाळण्या, रेझिन, मोडलेल्या केंद्राचे काँक्रीट यांचा तो विषय आहे. १९८० च्या कायद्याने त्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. २००८ मध्ये साउथ कॅरोलायनातील बार्नवेल येथील जागा बाहेरच्या बहुतेक राज्यांसाठी बंद झाली आणि २०१२ मध्ये टेक्ससमधील जागा सुरू होईपर्यंत अनेक केंद्रांना व रुग्णालयांना अधिक किरणोत्सारी वर्गाचा हा कचरा आवारातच ठेवावा लागला.

सभासदांच्या हितविरोधाचे उदाहरण हवे असेल तर रशियन युरेनियम पाहा. १९९३ ते २०१३ या काळात रशियाच्या अण्वस्त्रांतील ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम सौम्य करून अमेरिकन केंद्रांत जाळले गेले. शस्त्रांची वीज झाली, ही फार मोठी गोष्ट होती. तो स्वस्त पुरवठा चालू असताना देशातील समृद्धीकरण मात्र खंगत गेले आणि पॅड्युका येथील जुना कारखाना २०१३ मध्येच थांबला. पुढे अमेरिकन केंद्रांना लागणाऱ्या समृद्ध युरेनियमपैकी सुमारे एक चतुर्थांश रशियाकडून येऊ लागले. मे २०२४ मध्ये त्या आयातीवर बंदी घालणारा कायदा झाला. तो ऑगस्टपासून लागू झाला आणि दुसरा पर्यायच नसेल तर २०२७ च्या अखेरपर्यंत सवलत मिळण्याची सोय त्यात ठेवली गेली. अशा कायद्यावर खाणवाल्यांना बंदी लगेच हवी असते, समृद्धीकरण करणाऱ्यांना दीर्घ मुदतीची हमी हवी असते आणि वीजकंपन्यांना, पुढच्या इंधनबदलाच्या वेळी इंधन हातात असेल एवढी खात्री हवी असते. यांतील कोणाचेही म्हणणे खोटे नसते.

अशा वेळी सर्वांना चालेल असे गुळमुळीत वाक्य लिहिण्याचा मोह होतो. मी तो सुरुवातीला केला आणि पस्तावलो, कारण ते वाक्य वाचून काँग्रेसमधील कर्मचाऱ्याला काहीच निर्णय घेता आला नाही आणि त्याने पुढच्या वेळी आम्हाला विचारले नाही. नंतर मी क्रम बदलला. आधी प्रत्येक गटाला सहन न होणारी एकच गोष्ट कोणती, हे वेगवेगळे भेटून विचारायचे. तारखा आणि टनांचे सार्वजनिक आकडे एका पानावर मांडायचे. आणि मग एकमत कोठपर्यंत आहे व कोठे थांबते, हे संघटनेच्या पत्रातच लिहायचे. मतभेद आहे हे लिहिल्याने संघटना दुबळी दिसते असे काही ज्येष्ठांना वाटे. माझा अनुभव उलट आहे.

उत्तर २ : करारपत्र

मी वकील आहे आणि विविध उद्योगसंघटनांना मक्तेदारीविरोधी कायद्याविषयी सल्ला देते. वरील उत्तरात एक गोष्ट राहिली आहे, ती जोडते, कारण अभियंत्यांना ती सहसा उशिरा कळते.

आपल्या समितीत इंधन विकणारे आणि विकत घेणारे एकाच खोलीत बसणार आहेत, आणि विकणारे आपसांत स्पर्धकही आहेत. १८९० चा शर्मन कायदा स्पर्धकांनी संगनमताने किंमत ठरवणे, बाजार वाटून घेणे किंवा एखाद्या पुरवठादारावर बहिष्कार टाकणे यांना मनाई करतो आणि त्याचा भंग फौजदारी गुन्हा ठरू शकतो. संघटनेच्या छपराखाली बैठक झाली म्हणून संरक्षण मिळत नाही. उलट, चौकशी करणारे प्रथम अशाच बैठकांची कागदपत्रे मागवतात. रूपांतरण (समृद्धीकरणाआधी युरेनियमचे वायुरूप संयुग बनवणे) आणि समृद्धीकरण करणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, म्हणून या क्षेत्रात काळजी अधिकच घ्यावी लागते.

सरकारकडे एकत्र येऊन मागणी करण्याचा अधिकार मात्र न्यायालयांनी मान्य केलेला आहे. आयातबंदीला किती मुदत असावी, सवलतीचे निकष काय असावेत, समृद्धीकरणासाठी सरकारने किती निधी द्यावा, यांवर सभासद मिळून भूमिका घेऊ शकतात. ‘तुमचा पुढचा करार कोणत्या दराने झाला’ किंवा ‘आपण सगळेच अमुक वर्षापर्यंत खरेदी थांबवू’ ही वाक्ये उच्चारली जाता कामा नयेत. त्यासाठी विषयपत्रिका आधी तपासून घ्या, त्याबाहेरचा विषय निघाला तर बैठक तेथेच थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे हे पहिल्या दिवशीच स्पष्ट करून घ्या आणि इतिवृत्त नेमके लिहा. एखाद्या कंपनीच्या मागणीचे आकडे हवे असतील तर ते त्रयस्थ संस्थेकडे द्यायला सांगा आणि एकत्रित बेरीजच समितीपुढे आणा.

आपल्या तिसऱ्या शंकेबद्दल एक व्यावहारिक सूचना करते. १९९५ च्या कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपलीकडे लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते, आणि कोणत्या विषयावर कोणाशी संपर्क साधला याचे अहवाल सार्वजनिक होतात. आपले नाव त्या यादीत असेल का, हे आधी विचारून घ्या. त्याचप्रमाणे नियामक आयोगाला तांत्रिक टिपण देताना त्यावर आपली स्वाक्षरी असेल, तर त्यातील आकडेमोडीत फेरफार न करता ती पाठवण्याचा अधिकार आपला राहील, हे नेमणुकीच्या अटींत लिहून मागा. असे लेखी मागणाऱ्या उमेदवाराला नकार देणारी संघटना असेल, तर ते आपल्याला आधीच कळलेले बरे.

उत्तर ३ : नदीकाठ

मी या उद्योगातला नाही. आमच्या गावाजवळचे अणुवीज केंद्र बंद होऊन मोडले गेले आणि त्याच्या जागेवर आता फक्त वापरलेल्या इंधनाचे कॅस्क व त्यांचे पहारेकरी उरले आहेत. नागरिकांच्या सल्लागार मंडळावर मी काही वर्षे काम केले, त्या नात्याने लिहितो.

अशी गावे देशात अनेक आहेत. मेनमधील विस्कासेट येथे मेन यांकी केंद्र १९९७ मध्ये कायमचे बंद झाले आणि २००५ पर्यंत पूर्ण मोडले गेले, तरी ६० कॅस्कमध्ये वापरलेले इंधन आणि आणखी चारमध्ये अधिक किरणोत्सारी धातूचे भाग तेथेच आहेत. अशा जागेवर वीज होत नाही, नोकऱ्या जवळजवळ नसतात, केंद्र चालू असताना मिळणारा कर आटतो आणि ती जमीन दुसऱ्या कशालाही देता येत नाही. आम्ही अणुऊर्जेच्या विरोधात नव्हतो. आमच्यापैकी अनेकांची घरे त्या केंद्राच्या पगारावर उभी राहिली आहेत.

संघटनांची माणसे आमच्याकडे येत. ती सभ्य होती, तयारी करून येत, पण तीन गोष्टी आम्हाला खटकत. आम्ही ‘कचरा’ म्हटले की ते ‘वापरलेले इंधन’ अशी दुरुस्ती करत. ते तांत्रिक दृष्ट्या योग्य असेलही, परंतु जी वस्तू कोणी परत न्यायला येत नाही तिला आम्ही काय म्हणावे हे आम्हाला शिकवले जावे, हे मनाला लागत असे. दुसरे, देशभराचे सगळे इंधन एका फुटबॉलच्या मैदानावर मावेल हे वाक्य प्रत्येक जण सांगे. आम्ही आकारमानाविषयी विचारलेच नव्हते. ते कधी हलणार, हे विचारले होते. तिसरे म्हणजे, उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे कोणी म्हणत नसे. एकदा एका तरुण अभियंत्याने, डब्याच्या आतील इंधनाची स्थिती प्रत्यक्ष उघडून पाहिलेली उदाहरणे फार थोडी आहेत, असे सरळ सांगितले. त्या दिवसापासून त्याच्या बाकीच्या बोलण्यावर आमचा विश्वास बसला.

जागा निवडण्याबाबत मला एवढेच वाटते की संमती शेवटी मागून चालत नाही. फिनलंडमध्ये युराजोकी या नगरपालिकेला नकार देण्याचा खरा अधिकार कायद्याने होता. तिने २००० मध्ये होकार दिला, संसदेने २००१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आणि आज तेथे ४०० मीटरहून अधिक खोल खडकात ओन्कालो हे साठवणस्थान बांधून झाले आहे. स्वीडनमध्ये फोर्समार्क येथील साठवणस्थानासाठी ओस्थामार नगरपालिकेने २०२० मध्ये होकार दिला आणि त्यानंतर २०२२ मध्ये सरकारने परवानगी दिली. नेवाडाच्या नकाराचे काय झाले ते वर आलेच आहे, आणि वेस्टर्न शोशोनी हे तेथील मूळनिवासी लोक ती भूमी आपली मानतात, याची दखल तर त्याहूनही कमी घेतली गेली. टेक्ससमधील तात्पुरत्या साठवणुकीच्या परवान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात जून २०२५ मध्ये परवान्याच्या बाजूने निकाली निघाला. पण तो निकाल, आव्हान देणारे मूळ प्रक्रियेत पक्षकारच नव्हते, या मुद्द्यावर आहे. टेक्ससने २०२१ मध्ये आणि न्यू मेक्सिकोने २०२३ मध्ये अशा साठवणुकीविरुद्ध कायदे केले आहेत. खटला जिंकला म्हणजे गाव आपल्या बाजूला आले, असे संघटनेने समजू नये.

न्यू मेक्सिकोतच दुसरे उदाहरणही आहे. कार्ल्सबाडजवळ ६५० मीटर खोल मिठाच्या थरात अण्वस्त्रांच्या कामांतून आलेला एका विशिष्ट प्रकारचा कचरा १९९९ पासून पुरला जातो. तेथे फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप फुटले, कारण ते भरताना नायट्रेट क्षारांत गव्हापासून केलेला शोषक पदार्थ मिसळला गेला होता. जवळजवळ तीन वर्षे जागा बंद राहिली. तरीही त्या गावाने साथ सोडली नाही, कारण कोणता कचरा येईल आणि कोणता येणार नाही हे कायद्यात आधीच लिहिलेले होते आणि चूक कोठे झाली हे नंतर उघडपणे सांगितले गेले. भूगर्भशास्त्र जितके महत्त्वाचे, तितकेच हे लेखी वचनही महत्त्वाचे आहे.

गाभा_अभियंता

तिघांचेही मनापासून आभार. नदीकाठ, आपले उत्तर मी दोनदा वाचले. फुटबॉलच्या मैदानाचे वाक्य मीही शाळेतील मुलांना सांगितले आहे. यापुढे सांगणार नाही.

दोन गोष्टी आणखी विचारायच्या आहेत. माझ्या ओळखीतील जवळजवळ प्रत्येक जण ‘पुनर्प्रक्रिया (वापरलेल्या इंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढणे) करा म्हणजे कचऱ्याचा प्रश्न मिटेल’ असे म्हणतो, आणि संघटनेच्या सभासदांपैकीही काहींचे तसेच मत आहे. त्यावर प्रामाणिक भूमिका काय घेता येईल? आणि जुना_धोरणकर्मी, सभासदांतील जो मतभेद सोडवणे आपल्याला सर्वांत अवघड गेले, तो कोणता होता?

उत्तर ४ : जुना_धोरणकर्मी

पुनर्प्रक्रियेबाबत मी सभासदांना नेहमी तीन वेगळे प्रश्न वेगळे ठेवायला सांगत असे: ती करता येते का, ती परवडते का आणि तिने खोल साठवणस्थानाची गरज संपते का. करता येते, हे फ्रान्सने ला हेग येथे अनेक दशके दाखवले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट व्हॅली येथे १९६६ ते १९७२ एवढी सहाच वर्षे व्यापारी पुनर्प्रक्रिया झाली आणि तेथील साफसफाई त्यानंतर अनेक दशके चालू राहिली. १९७४ च्या भारतीय अणुचाचणीनंतर प्लुटोनियमच्या प्रसाराची चिंता वाढली, अध्यक्ष फोर्ड यांनी १९७६ मध्ये व्यापारी पुनर्प्रक्रिया पुढे ढकलली आणि अध्यक्ष कार्टर यांनी १९७७ मध्ये ती अनिश्चित काळासाठी थांबवली. अध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये मनाई उठवली, तरी कोणी कारखाना उभा केला नाही, कारण ताजे युरेनियम स्वस्त होते. शस्त्रांतील प्लुटोनियमपासून मिश्र-ऑक्साइड (प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या ऑक्साइडांचे) इंधन बनवण्याचा साउथ कॅरोलायनातील कारखाना २००७ मध्ये बांधायला घेतला आणि खर्च आवाक्याबाहेर गेल्यावर २०१८ मध्ये सोडून दिला. हे दोन अनुभव ज्याला माहीत नाहीत, त्याने गुंतवणुकीचे आश्वासन देऊ नये.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. विखंडनातून आलेली उष्ण, तीव्र किरणोत्सारी द्रव्ये काचेत बंद करावी लागतात आणि ती काच शेवटी जमिनीखालीच जाते. फ्रान्सही ब्यूर येथे त्यासाठी खोल साठवणस्थानाची तयारी करत आहे. पुनर्प्रक्रियेमुळे साठवायच्या वस्तूचे स्वरूप, उष्णता आणि आकारमान बदलते, हा खरा फायदा आहे आणि तो तेवढ्याच शब्दांत मांडावा. नव्या अणुभट्ट्यांना त्यातून इंधन मिळणार असेल तर त्या सभासदांनी आपला खर्च आणि आपल्या उरलेल्या कचऱ्याचे वर्णन समितीपुढे ठेवावे, असा आग्रह आपण धरू शकाल. मी तो पुरेसा धरला नाही, याची मला खंत आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कदाचित अनपेक्षित वाटेल. सर्वांत अवघड वाद रशियन युरेनियमचा नव्हता; तो रांगेचा होता. सरकारने उद्या इंधन उचलायला सुरुवात केली तर आधी कोणाचे उचलायचे? प्रमाणित करारात, ज्याचे इंधन आधी गाभ्याबाहेर आले त्याचा क्रमांक आधी, असे तत्त्व आहे. त्याच करारात बंद केंद्रांना प्राधान्य देण्याची मुभा ऊर्जा विभागाला आहे, आणि सभासदांना आपापले क्रमांक अदलाबदल करण्याचीही सोय आहे. बंद केंद्रांच्या कंपन्यांना आपल्या जागा मोकळ्या करून हव्या असतात. चालू केंद्रांचे तलाव भरत आलेले असतात आणि त्यांना वाटते की आपण सर्वांत जास्त शुल्क भरले. ज्यांचे इंधन सर्वांत जुने, त्यांना आपला क्रमांक ही मालमत्ता वाटते. नुकसानभरपाईच्या दाव्यांतही हा क्रमांक पुराव्यात येतो, म्हणून वकील कोणालाच मोकळेपणाने बोलू देत नाहीत.

आम्ही शेवटी मालकीचा वाद बाजूला ठेवला आणि वाहतुकीपासून सुरुवात केली. कोणत्या जागेवरून रेल्वेने जाता येते, कोठे रूळ उखडले गेले आहेत, कोठे फक्त जलमार्गाने किंवा अवजड वाहनाने जाता येईल, कोणत्या डब्यांना वाहतुकीचा परवाना आहे आणि कोणत्यांना फक्त साठवणुकीचा, याची एक यादी केली. ती पाहिल्यावर असे दिसले की कागदावर रांगेत पुढे असलेल्या कित्येक जागा पहिल्या काही वर्षांत प्रत्यक्षात इंधन पाठवूच शकणार नाहीत. त्यानंतर बंद केंद्रांपासून सुरुवात करण्यास विरोध करणाऱ्यांचा सूर बराच उतरला, आणि बदल्यात चालू केंद्रांना पुढच्या टप्प्यात किती जागा मिळेल हे आम्ही त्याच टिपणात लिहिले. सर्वांच्या सह्या मात्र मिळाल्या नाहीत. दोन कंपन्या शेवटपर्यंत बाहेर राहिल्या आणि टिपणात तसे नमूद करूनच ते पुढे गेले.

आपण हे पद स्वीकारलेत, तर पहिल्या महिन्यात अशी यादी मागवा आणि ती जुनी असेल तर जागा प्रत्यक्ष पाहून नव्याने करायला घ्या. आपल्या केंद्रापासून सुरुवात केलीत तरी चालेल. आपल्या चबुतऱ्यावरचे कॅस्क कोणत्या मार्गाने बाहेर निघतील, हे तेथील लोकांनाही बहुधा कोणी विचारलेले नसेल.